निळ्या कापडाच्या गाठी
कपाट उघडलं की निळीचा आंबूस वास येतो आणि मी पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उभी असते. अकरा सप्टेंबरनंतरचे ते संशयाचे दिवस. चीनमधल्या 'बाई' नावाच्या जमातीच्या खेड्यातून सासूबाईंनी बांधणीचं कापड आणलं होतं, रंगवलेलं पण गाठी न सोडलेलं. "यात काय लपवलंय?" म्हणत कस्टम्सच्या अधिकाऱ्याने कात्री उचलली. "अरे, फाटेल ना!" सासूबाईंनी गाठोडं हिसकावलं. त्याने वॉकीटॉकी तोंडाशी नेला. आता व्हिसा जातो, असं मला वाटलं. सासूबाईंनी मात्र खेड्यातल्या बायकांनी दाखवला होता तसा नेमका एकच धागा ओढला. त्या कोपऱ्यातल्या गाठी भराभर सुटल्या, पांढरं फुलपाखरू उमटलं. वॉकीटॉकी खाली ठेवत तो "गो अहेड, मॅम" म्हणाला. "बाकीच्या गाठी तू सोड," गाडीत सासूबाई म्हणाल्या. आता त्या नाहीत, गाठी कपाटात तशाच आहेत, आणि कोणता धागा ओढायचा ते विचारायचं राहूनच गेलं.