दुधी काच आणि शालनचा फोटो

किस्से कुणी मुद्दाम जमवत नसतं, राव. स्टुडिओत माणूस येतो, खुर्चीत बसतो, फोटो घेऊन जातो. बोललेलं तेवढं मागं राहतं. महाद्वार रोडवरचा आमचा माडीवरचा स्टुडिओ बंद होऊन जमाना झाला. मालक अण्णाही गेला. आम्ही दोघं एका गल्लीतले. तो फोटो काढायचा, मी फोटोच्या काचेच्या प्लेटा धुवायचो. अजून त्या वाटेनं जाताना मान आपोआप त्या माडीकडं वळते आणि फार चुकल्याचुकल्यासारखं होतं.

ही गोष्ट स्वातंत्र्यानंतर लगोलगची. अण्णाच्या शालनचं लग्न निपाणीला ठरलं होतं. तिची आई लवकर गेलेली, अण्णानंच तिला वाढवलेलं. "पोरगी जायच्या आत तिचा एक झकास फोटो काढणार," एवढा एकच ध्यास. आणि नेमकी कॅमेऱ्याची दुधी काच फुटली. जिच्यावर चित्र बघून फोकस लावायचा, तीच. मुंबईहून नवी येईना. मग अण्णानं खिडकीची काच कापली, कुरुंदाच्या पुडीनं घासघासून दुधी केली आणि बसवली.

*

नव्या काचेचं पहिलं गिऱ्हाईक तालमीतला पैलवान. लंगोट कसून, मिशीला पीळ देऊन उभा राहिला. फोटो निघाला तर पैलवान धुक्यात, आणि मागच्या पडद्यावर रंगवलेला माड पानन् पान लख्ख.

पैलवानानं फोटो जवळ धरला, लांब धरला. म्हणाला, "पावणं, खुराक मी खातोय आन् अंगाला माडाच्या लागलाय व्हय?"

*

मग एक मास्तर आले, सपत्नीक. मास्तरांचा एकट्याचा, छातीपर्यंतचा फोटो. नाक-डोळे पुसट, कान मात्र कोरल्यासारखे. अण्णा परत काढून देतो म्हणत होता, पण बाईंनी फोटो पिशवीत टाकलासुद्धा.

"असू दे हाच. ह्यांना कान आहेत, हे घरात कधी कळलंच नव्हतं."

*

अण्णानं टेबलावर तांबे एकामागं एक मांडले. फोकस लावला पुढच्यावर, प्लेटेवर स्पष्ट आला मागचा. भिंगावर संशय घेऊन झाला, स्टँडवर झाला, माझ्यावर तर रोजचाच. शालन चहा घेऊन आली आणि ती मांडामांड बघून म्हणाली, "अण्णा, माझं ऱ्हाऊ द्या. ह्या तांब्यांचंच लगीन लावा."

मी खो खो हसलो. अण्णा हसला नाही. हळद जवळ आली होती.

*

शेवटी मी काचेवरनं अंगठा फिरवला. खरखरीत बाजू बाहेर! चित्र त्या बाजूवर उमटतं, म्हणून ती आत, भिंगाकडं लागते. उलटी बसली की फोकस काचेच्या जाडीनं चुकतो.

"अण्णा, उलटी का बसवलीस?"

अण्णानं काच काढून फडक्यानं पुसली. मग हळूच म्हणाला, "एवढी हातानं घासली की रं. आत घातली तर बघणार कोण?"

काच फिरवली. तांबे जिथल्या तिथं आले.

*

लग्न लागलं, जेवणं उरकली. निपाणीला न्यायची मोटार स्टुडिओखाली उभी. शालन शालू नेसून, मुंडावळ्या बांधून वर आली आणि खुर्चीत बसली. अण्णानं काळ्या कापडात डोकं घातलं ते बाहेरच काढीना. खालनं भोंगा वाजायला लागला. व्याही जिना चढून आले.

"पावणं, उशीर हुतोय."

"थांबा. फोकस लागंना झालाय," कापडाच्या आतनं अण्णा.

मी कापडाची कड उचलून डोकावलो. काचेवर, कॅमेऱ्यात नेहमी दिसतं तशी, उलटी शालन, मुंडावळीचा मणी न् मणी स्पष्ट.

"अण्णा, लागलाय की फोकस."

"न्हाय. अजून धूसर दिसतंय."

खाली भोंगा पुन्हा वाजला. शालननं मान वळवली नाही.

"घाई करू नका, अण्णा," ती म्हणाली. "मी हालत न्हाय."