पैनगंगेकाठी पुराची खूण शोधताना

भैंशाहून सकाळची बस धरली ती भांडायच्या तयारीनेच. राज्याचा आपत्ती आराखडा हैदराबादेत नव्याने लिहिला जात होता. आधीच्या आराखड्यात पैनगंगेकाठचं माझ्या बहिणीचं, शांताचं, गाव नव्हतं. म्हणून गेल्या वर्षीच्या पुरात सरकारी होडी तिकडे फिरकली नाही आणि शांताचा नवरा बैल सोडवताना वाहून गेला. हे कचेरीत ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे पाहणी ठरली. हमालीतून वर येऊन मी कापसाचा व्यापारी झालो आहे. हक्काचं सोडत नाही.

बोथ गावाला पाहणीचे साहेब जीप घेऊन थांबले होते. हैदराबादचे तरुण इंजिनिअर. हमरस्ता सोडला आणि काळी माती चाकांना धरू लागली. एका वागूत (ओढ्यात) जीप रुतली. ढकलताना मी गुडघ्यापर्यंत माखलो, सरकारला चार शिव्या घातल्या.

"पानी कितना आया था?" पुढे साहेबांनी विचारलं.

"बारा फूट." खरं तर सात. पण पहिला भाव मी चढाच सांगतो.

"दीवार पे निशान नापेंगे. मुँह की बात नहीं लिखते."

वळणावर गाव दिसलं, पण भिंतींवर पुराची रेघ कुठेच नव्हती. घरन् घर पांढरंशुभ्र. ताजं सुन्नम (चुना), खाली गेरूचा पट्टा, दारात रांगोळी. शांता पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली.

"हे काय करून ठेवलं?" मी खेकसलो.

"काऊन? तूच निरोप धाडला ना दादा, साहेब येऊन राह्यला, गाव चकाचक ठेवा म्हणून. आमी साऱ्या बाया भिंती पोतून राह्यलो होतो."

मी खुरपं घेऊन भिंत खरवडली. चुन्याखाली मातीचा लेप, तोही नवा.

"काय उकरता शेटजी?" शेजारचे मारोतीकाका म्हणाले. "पानी उतरलं आन गेल्या दिवाळीला सारं लिंपलं. तसली रेघ घरात कोन ठेवते?"

शांताने ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. साहेबांनी खाल्ली, चांगली आहे म्हणाले. मी घासाघीस करत राहिलो. बारा नाही तर दहा लिहा, बरं, सात तरी लिहा.

"सेठ, बारा बोले थे ना तुम?"

त्यांनी कागदावर लिहिलं: खूण आढळली नाही. पुढच्या पुराची खूण ठेवली तर पुन्हा येईन, एवढं कबूल केलं.

निघताना शांताला म्हणालो, "आता पाणी आलं तर एक भिंत तशीच ठेव."

"ठेवते. तू येऊन नीज तिच्यापाशी." तिने तांब्या उचलला आणि आत गेली.

परतीच्या बसमध्ये नखांत चुना होता. धंद्यात भिजलेला डागी कापूस आम्ही गाठोड्याच्या पोटात घालतो आणि वर पांढरा दाखवतो. साहेबांना मी गावही तसंच दाखवायला गेलो. बाहेर भैंशापर्यंत कपाशी फुटली होती, स्वच्छ, पांढरी. मी खिडकी लावून घेतली.