वानखडे सरांचा ऱ्होडेशिया

वानखडे सर गेले त्याला आता पाच आठवडे होतील. त्यांच्या सुनेचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अगं, मंगळवारीच तर मी त्यांच्याशी भांडून आले." रडता रडता तीही हसली. आमच्या भांडणांची त्या घराला सवय होती. सर इतिहास-भूगोल शिकवायचे, मी चित्रकला, आणि उत्तर नागपुरातल्या त्या एकाच शाळेत आम्ही उभी हयात काढली. शोकसभेत एक जुना विद्यार्थी बोलायला उभा राहिला. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला, केस पांढरे झालेला माणूस. त्यानं नकाशाची गोष्ट काढली. बाईंनी, म्हणजे मी, सगळ्या शाळेसमोर ब्रश खाली ठेवला आणि गुलाबी रंग लावायला नकार दिला, वगैरे. लोकांचे हात टाळीसाठी उठलेच होते, पण शोकसभा आहे हे आठवून थांबले. मी मान खाली घालून बसून राहिले. कारण ती गोष्ट अर्धीच आहे...

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, प्रार्थनेला मुलं उभी राहत त्याच्या समोरच, भिंतभर जगाचा नकाशा होता. इंग्रजांच्या काळात कुणीतरी मोठ्या हौसेनं काढलेला, आणि त्यात इंग्रजांचं जे जे होतं ते सगळं गुलाबी. मी नोकरीला लागले तेव्हा वयानं बावीसची होते आणि आफ्रिका भराभर सुटत होती. एखादा देश स्वतंत्र झाला की येणाऱ्या शनिवारी, सकाळच्या शाळेत, सर मला रंग कालवायला सांगत. नवा रंग कोणता हे मुलं हात वर करून ठरवत. जुना गुलाबी मात्र आधी पातीनं खरवडून काढायचा, हा सरांचा दंडक. मी एकदा कंटाळून वरूनच रंग मारायला लागले, तर मागून आवाज आला, "बाई, असं झाकून नोका ठेवू. खालचं निघालं पाह्यजे." मग सगळी शाळा त्या देशाचं नाव मोठ्यानं घ्यायची आणि प्रत्येकाच्या हातावर गूळ-फुटाणे पडायचे. केनिया, मलावी, झांबिया असे माझ्या हातून सुटले. वाटायचं, मीच सोडवते आहे. वडील बेचाळीसला तुरुंगात जाऊन आले होते, त्यामुळे हा तोरा माझ्यात जरा जास्तच होता.

मग एका संध्याकाळी रेडिओवर बातमी आली की झांबियाच्या खालच्या ऱ्होडेशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. सरांना कुठला धीर! शनिवारची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी त्यांनी प्रार्थनेनंतर मुलांना थांबवून घेतलं. मुलांनी हिरवा निवडला, मी खरवडलं, रंगवलं, फुटाणे वाटले गेले. संध्याकाळी सर वाचनालयात गेले, वर्तमानपत्र नीट वाचलं आणि तसेच सायकलवर माझ्या घरी आले. चेहरा पार उतरलेला. "बाई, मी चुकलो. ते काही मोकळे नाही झाले. तिथल्या मूठभर गोऱ्यांनीच इंग्लंडले झुगारलं, अन् कायच्यासाठी, तर काळ्या माणसाच्या हाती राज्य जाऊ नये म्हणून. इंग्लंडनंबी ते मानलं नाही, कागदावर तो मुलूख अजून इंग्रजाचाच." तसेच आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांचं म्हणणं, रविवारी गुपचूप पुन्हा गुलाबी करून टाका, कोण बघतंय? सर म्हणाले, "चारशे पोरांनी पाह्यलं. त्यांच्यासमोरच करावं लागन."

लगेच दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, सर मुलांपुढे उभे राहिले. म्हणाले, "पोरं हो, मी घाई केली. देश मोकळा झाला हे ऐकलं, पण मोकळं कोण झालं, हे पाह्यलं नाही. नकाशा खोटा झाला, तो मी केला. माफी असावी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, गुलाबी." आणि मी ब्रश खाली ठेवला. "एकदा मोकळा केलेला देश परत त्यांच्या ताब्यात द्यायला माझा हात चालणार नाही," असं म्हटलं, चांगलं खणखणीत. मुलांनी टाळ्या वाजवल्या... मला त्या आवडल्या, हेही आज सांगून टाकते.

सरांना साधी पेन्सिल धरून सरळ रेघ मारता येत नव्हती. त्यांनी तो ब्रश उचलला आणि चारशे मुलांसमोर स्वतःच रंगवायला लागले. गुलाबी सीमेवरच्या नदीपलीकडे वर झांबियात शिरला, मुलं हसली. सर रंगवत राहिले. रंगवून झालं, ब्रश धुतला आणि वर्गावर गेले. झांबिया मी नंतर दुरुस्त केला.

त्यानंतर पंधराएक वर्षं ऱ्होडेशिया तसाच वेडावाकडा गुलाबी राहिला. अखेर तिथल्या माणसांच्या हाती राज्य आलं, नाव झिम्बाब्वे झालं, तेव्हा सर चार वर्तमानपत्रं काखेत मारून आले. "सगळे वाचले. आता पक्कं हाय." मी ब्रश त्यांच्यासमोर धरला. म्हटलं, तुम्हीच लावा. तर म्हणाले, "नाही बाई. तुमचा हात याच्यासाठीच तर राखून ठेवला होता." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा बोलायला हवं होतं. पण मी काय म्हटलं, तर "सर, तुमची कड काही सरळ नाही हं." सर मनसोक्त हसले, आणि बोलायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

गंमत म्हणजे माझ्या नकाराची गोष्ट सरांनीच गावभर केली. त्या शेवटच्या मंगळवारीसुद्धा त्यांना भेटायला कुणी पाहुणे आले होते. त्यांना सांगत होते, "ह्या बाईनं मले सगळ्या शाळेसमोर नाही म्हटलं. मोठी हिंमत." मी मुद्दाम चहात साखर किती यावरून भांडण काढलं, विषय बदलला आणि घरी आले. शुक्रवारी ते गेले.

त्या सकाळी व्हरांड्यासमोर उभी असलेली पोरं आता सत्तरी ओलांडून बसलीत. रविवारची पुरवणी वाचत असतील, म्हणून तुम्हालाच सांगते. तो देश अजून सुटला नव्हता. सर खरं बोलले होते आणि मी टाळ्या घेतल्या. हिंमत लागली ती ब्रश उचलणाऱ्याला. चूक माझी होती, मुलांनो, आणि ती कबूल करायला मला साठ वर्षं लागली. सरांना एक रात्र पुरली होती.