मामांनी न केलेली चूक

आमच्या इस्पितळात मामांना सगळे मामाच म्हणायचे, मोठे डॉक्टरसुद्धा. तळमजल्यावरच्या सर्व्हरच्या खोलीत, एसीची घरघर ऐकत त्यांनी सत्तावीस वर्षं काढली. माउसचं त्यांना वावडं होतं. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायच्या, एवढंच त्यांना मान्य.

कामही तसं सरळ. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो आणि तो सर्व्हर वाटतो. बहुतेकांना कुठलाही पत्ता चालतो, पण लॅबच्या प्रिंटरसारख्या यंत्राला कायमचा एकच हवा, नाहीतर रिपोर्ट पाठवायचा कुठे? म्हणून अशा यंत्राला कारखान्यातच मिळालेला क्रमांक आणि ठरलेला पत्ता एका फाइलमध्ये लिहून ठेवायचा. मामा प्रत्येक नोंदीच्या वर एक ओळ लिहीत, हे यंत्र कुणाचं म्हणून. नवी नोंद करताना आधी जुनीची नक्कल खाली उतरवायची, मग त्या नकलेतच बदल करायचा, ही त्यांची शिस्त. त्यांच्या हाताखाली काम करणारा मी तिची टिंगल करायचो. मी पडलो हुशार!

एका संध्याकाळी मामांनी लॅबचा नवा प्रिंटर नोंदवला आणि केसपेपरच्या खिडकीवरच्या कॉम्प्युटरची नोंद मला करायला सांगितली. मला घरी जायची घाई. नक्कल न करताच मी प्रिंटरच्याच नोंदीवर खिडकीचा क्रमांक आणि पत्ता लिहिला, पत्ते वाटणारी सर्व्हिस पुन्हा चालू केली आणि सटकलो. आम्हा दोघांचं लॉगिन एकच होतं, त्यामुळे कुणी काय केलं हे कुठे उमटायचं नाही.

सकाळी लॅबचा प्रिंटर सुरू झाला तो भलताच पत्ता घेऊन. दोन तास एकही रिपोर्ट वॉर्डात पोचला नाही. एक ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. व्यवस्थापक खाली आले ते तोंडाचा पट्टा सोडूनच.

मामांनी फाइल उघडली. वर त्यांचीच ओळ, ‘लॅब, प्रिंटर’, आणि खाली खिडकीचा क्रमांक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“खिडकीचं काम मी तुला सांगितलं होतं ना रे?”

व्यवस्थापक शेजारीच उभे. माझी पाचावर धारण बसली.

“नाही मामा. तुम्हीच करतो म्हणालात.”

मामांनी पडद्यावरची ती ओळ पुन्हा एकदा वाचली. “असेल,” ते म्हणाले. “मग माझंच चुकलं.” आणि तसं लिहून देऊन त्यांनी खाली सही केली.

ते माझ्याशी भांडले असते तर बरं झालं असतं. पण हा माणूस माझ्यावर नाही, स्वतःवरच संशय घ्यायला लागला. प्रत्येक नोंद झाली की हाक यायची, “एकदा बघतोस का?” मी बघायचो आणि म्हणायचो, “बरोबर आहे मामा.” खरं सांगायला दिवसातून दहा वेळा संधी मिळायची. मी दहाही वेळा गिळून बसायचो. चार महिन्यांनी ‘डोकं साथ देत नाही’ म्हणून, तीन वर्षं नोकरी शिल्लक असताना, त्यांनी राजीनामा दिला. निरोपाचं भाषण मीच केलं. लाज कशी वाटली नाही मला!

परवाच्या रविवारी शेवटी त्यांच्या घरी गेलो. दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला: गॅस, नळ, किल्ली.

“एकटे बाहेर पडत नाहीत आता,” मामी हळूच म्हणाल्या. “वाट विसरेन म्हणतात. अजून एकदाही विसरले नाहीत हो.”

मी मामांसमोर बसलो आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. घाई, नोंद, खोटं बोलणं, सगळं. मामा हसले.

“अगं, बघितलंस? मला बरं वाटावं म्हणून पोरगा केवढी गोष्ट रचून आलाय!”

“मामा, खरंच सांगतोय. तुमची शपथ.”

“शपथा नको घेऊस उगाच.” त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. “मी तुला ते काम सांगितलंच नव्हतं. खिडकीचा तो क्रमांक मीच टाइप केला. बाकीचं सोड, पण ते मला अगदी लख्ख आठवतंय.”