जिन्याच्या खिडकीतले फोन

आता त्या जिन्यात कुणी थांबत नाही. एकेकाळी मात्र वळणावरच्या खिडकीपाशी पाय ठेवायला जागा नसायची, कारण अख्ख्या इमारतीत रेंज फक्त तिथंच यायची. गच्चीवर मोठा टॉवर उभारायला सगळ्यांचाच नकार, रेंज मात्र सगळ्यांनाच हवी. पोहायचंय, पण भिजायचं नाही, अशातली गत. मग घरोघरचे फोन दिवसभर त्या खिडकीच्या कठड्यावर ओळीनं पडून असायचे. वाजेल तो जवळच्यानं उचलायचा, "थांबा हं, बोलावते" म्हणायचं आणि तोंड वर करून हाक मारायची, असा तिथला रिवाज.

शिलाईकाकू सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायच्या. मशीन सोडून त्या जिना उतरेपर्यंत त्यांच्या परदेशातल्या मुलाशी शेजारी राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाईंच्या निम्म्या गप्पा उरकलेल्या असत. काकूंना त्याचं कोण कौतुक! अडचण एवढीच, की मनातलं बोलता यायचं नाही. अलीकडे त्यांना सुईचं नेढं दिसेना, टीप तिरकी जाऊ लागली होती. हे मुलाला सांगावं, तर आजूबाजूला कान टवकारलेले. उद्या कापड कोण टाकणार? काम गेलं तर रिकाम्या हातांनी भिंतीकडे बघत बसावं लागेल, ही धास्ती. म्हणून दर खेपेला "सगळं छान आहे, तू जेवलास का?" एवढ्यावरच त्या आवरतं घेत.

मग एके दिवशी गल्लीतल्या दिव्याच्या खांबांवर माणसं चढली आणि डब्याएवढी यंत्रं बसवून गेली. टॉवर नाही, काही नाही, आणि घराघरांत रेंज आली. बघता बघता कठडा रिकामा झाला. काकूंना चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण सुटल्यासारखंही वाटलं. त्या रविवारी त्यांनी दार लावून घेतलं आणि मुलाला फोन लावला.

"बाळा, मला नीट दिसत नाही रे. कुणाला बोलू नकोस, गिऱ्हाईक तुटेल."

"आई, मला केव्हाचं माहीत आहे. तू जिना उतरायच्या आत बाईंनी सांगितलं होतं. इमारतीत सगळ्यांनाच माहीत आहे."

"सगळ्यांना? मग माझ्याकडे कापडं का टाकतात?"

"घरी नेऊन तिरकी टीप उसवतात आणि पुन्हा घालतात. तुझं मशीन बंद पडू नये म्हणून."

काकूंना लाज वाटली, आणि त्या माणसांच्या मायेनं रडूही आलं. आपण सगळ्यांपासून लपवतोय या भ्रमात त्या राहिल्या, आणि सगळे मिळून त्यांच्यापासूनच लपवत होते.

"रडू नकोस," मुलगा म्हणाला. "पुढच्या महिन्यात येतोय, डोळे दाखवून येऊ. पण आजवर तुझ्या 'छान आहे'च्या आधी मला खरं कळलेलं असायचं, म्हणून इथं धीर धरून राहिलो. आता फोन तूच उचलणार. मला खरं कोण सांगणार?"

काकूंनी पदरानं डोळे पुसले. "मीच सांगेन," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून गुडघ्यांच्या दुखण्यापासून सुरुवात केली.