पाहुण्यांसाठी ठेवलेला कचरा

मी माण तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत नववीला होतो. पाचगणीकडच्या एका बोर्डिंगची मुलं आमच्या गावात समाजसेवेला येणार होती. त्यांना ती सक्तीची होती, तिच्यावर मार्क होते. आमच्या सरांनी घरोघरी बजावलं, दोन दिवस कुणी अंगण झाडायचं नाही.

आई भडकली. “आमी काय घाणीत ऱ्हातो व्हय?” म्हणत तिनं पहाटेच अंगण लख्ख केलं. मुलं येऊन दारात नुसती उभी राहिली. मग सरांनीच शेजारचा पालापाचोळा आणून आमच्या अंगणात ओतला. फोटो निघाले.

आता साताऱ्यात माझ्या लेकीच्या शाळेनं समाजसेवा सक्तीची केलीय. शनिवारी कुठल्याशा गावात सफाईला जायचं म्हणून तिनं नवा खराटा आणलाय. मी एवढंच विचारलं, “त्या गावाला किती दिवस झाडू नका म्हणून सांगितलंय?”