थांबत चालणारे काका

आमच्या चाळीतले शेजारी काका माझ्याबरोबर परळच्या बाजारात निघाले की दर दहा-बारा दुकानांनंतर थांबायचे. "थांब मरे, ह्यो कुकर बघूया," आपल्या मालवणीत म्हणायचे. कुकर कधी घेतला नाही. मला वाटे, हौशी माणूस आहे. एकदा मात्र ते ज्या दुकानाकडे बघत उभे होते, ते बंदच होतं.

"काका, काय होतंय?"

"पोटरेत गोळो येता रे. थांबलंय की जाता."

मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पावलावर बोटं ठेवून नाडी चाचपली आणि विचारलं, "सिगरेट किती वर्षं?" धुराने पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. हृदयाच्याही झाल्या असतील, अशी भीती होती. चार दिवस तपासण्या चालल्या. हृदय बचावलं होतं.

घरी येताना ते पानवाल्यासमोर उभे राहिले आणि चारचौघांत म्हणाले, "भैया, मैं मांगेगा ना, तो भी सिगरेट नहीं देने का."

त्याला वर्ष झालं. औषधं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं रोजचं चालणं त्यांनी चुकवलं नाही. परवा आम्ही दादरपर्यंत चालत गेलो. पुलापाशी त्यांनी मागे वळून मला विचारलं, "दमलंस काय रे?"

दमलो होतो. पण इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.